बाटल्यांची रांग

मु. पाळटोला, जि. गोंदिया
दि. २ मार्च २०१४

प्रिय समीक्षा,

सप्रेम जयभीम. इकडे आम्ही ठीक आहोत. मुर्रीला तुम्हीही सारे बरे असाल. पोरगी आता चालायला लागली असेल. तुझ्या सासूबाईंना, सासरे मामाजींना आणि आमच्या जावयांना, अश्विनजींना माझा जयभीम सांग. सांगणं जड जात असेल तर राहू दे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहून राहिली. शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलं नाही, बचत गटाचे अर्ज तेवढे लिहिले. त्यामुळे हे अर्जासारखं वाटलं तर हसू नको.

गावात मोहाची फुलं पडायला लागली. निर्मलाबाई पहाटेच टोपली घेऊन निघतात आणि दुपारी माझ्याजवळ येऊन कंबर दुखते म्हणतात. आपली काळी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटीच. घराच्या मागची भिंत अजून तशीच आहे. आई ठीक आहे.

तलावावरचं काउंटर बंद झालं, हे तुला समजलं असेलच. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला. मी आता घरीच आहे.

त्या काउंटरचं तुला कधी नीट सांगणंच झालं नाही. तू एकदाच पाहिलं, आणि तेही कसं पाहिलं.

मागच्या उन्हाळी धानाच्या रोवणीत नंदाबाईची टाच चिरली, आठवते ना? लोक तलावाच्या पाळीवर बसून पितात आणि बाटली मागे फेकतात. मागे बकारामच्या धानाच्या बांध्या आहेत. काच चिखलात जाते. रोवणीच्या बाया उघड्या पायानं मागे सरकत सरकत रोवतात, त्यांना काय दिसणार? म्हणून गावच्या समितीनं दिवाळीनंतर नियम केला. तलावावर येणाऱ्यानं आपल्याजवळची बाटली, डबा जे असेल ते दाखवायचं. नगामागे दहा रुपये ठेवायचे, आम्ही त्यावर चिकटपट्टी लावायची. जाताना तीच रिकामी बाटली आणून दाखवली की दहा रुपये परत. काम बचत गटाकडे आलं. निर्मलाबाई आणि मी बसायला लागलो.

ऐकायला किती सोपं. पहिल्या रविवारीच आम्ही दोघी रडकुंडीला आलो. बाटली थंड असली की तिला घाम येतो, चिकटपट्टी गळून पडते. मग तो माणूस म्हणतो, बाटली माझीच आहे. आम्ही म्हणतो, पट्टी कुठे आहे? कोणी डबा पायानं चेपून आणतो, पट्टी आतच दबलेली. कोणी कचऱ्यातल्या जुन्या बाटल्या वेचून आणतो. संध्याकाळी सारे एकदमच निघतात. अंधार पडत असतो, लेकरं रडतात, गाड्यांचे हॉर्न वाजतात आणि रांग चिंचेपर्यंत जाते. सुट्टे संपले की चॉकलेट द्यायचं. एक गोंदियाचा शेठ म्हणाला, "मॅडम, हम तालाब देखने आए हैं कि बोतल संभालने?" नागझिऱ्याचं जंगल पाहून परतणारे लोक तर आणखी थकलेले असायचे. एका बाईनं बाटली माझ्या टेबलावर आपटली आणि म्हणाली, ठेवून घे तुझे दहा रुपये, तुझ्या पोराबाळांना होतील. मी ऐकून घेतलं. मला पोरंबाळं नाहीत हे तिला काय माहीत.

खरं सांगू, त्यांचंही काही खोटं नव्हतं. चार घटका मोकळं बसायला माणूस येतो आणि त्याला चोरासारखी झडती द्यावी लागते. मी त्यांच्या जागी असती तर मीही चिडली असती. पण मी टेबलाच्या या बाजूला होती. आणि शिव्या खायला समोर मीच होती. समिती नव्हती.

तुम्ही आलात तो रविवार डिसेंबरचा शेवटचा. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तुमच्या दोन गाड्या दिसल्या आणि मला एवढं बरं वाटलं की मी उभीच राहिली. अश्विनजींनी पेट्या उतरवल्या. मी साऱ्या बाटल्यांना पट्ट्या लावल्या, पैसे घेतले. अश्विनजी हसून म्हणाले, "आमच्याकडूनही?" मी म्हटलं, साऱ्यांकडून. तेव्हा कोणी रागावलं नाही.

संध्याकाळी परत आलात तेव्हा अर्ध्याही बाटल्या नव्हत्या. अश्विनजी म्हणाले, "राहिल्या तिकडं. घरचे लोक आहोत, टाका ना पैसे." मी म्हटलं, आणा, मी देते. ते म्हणाले, "तुम्हाला आम्हाला हलकं पाडायचं आहे का?" मामाजी तुझ्याकडे वळले, "सुनबाई, सांग तुझ्या बहिणीले."

आणि तू आलीस. कडेवर पोरगी झोपलेली. तू हळूच म्हणालीस, "ताई, देऊन टाक ना." मागून कोणीतरी ओरडला, ओळखीच्यांना आधी, आम्ही काय येडे आहोत का? आणि मी तुला म्हटलं,

"रांगेत उभी राय."

तू गेलीस आणि खरंच रांगेत उभी राहिलीस. अश्विनजी बोलावत होते तरी तू हलली नाहीस. मी एकेकाची बाटली पाहत होती आणि दर वेळी मान वर करून तुला पाहत होती. मला वाटलं, आता उठावं, तिच्या हातून पोरगी घ्यावी. पण उठली नाही. तुझा नंबर जवळ आला तेव्हा तू रांगेतून निघालीस आणि गाडीत जाऊन बसलीस. तेव्हापासून तू माझ्याशी बोलली नाहीस.

ग्रामसभेत सारेच काउंटरच्या विरोधात बोलले. भजेवाला म्हणाला, लोक कमी झाले, दुसऱ्या तलावावर जातात. सरपंच म्हणाले, मोठमोठ्या लोकांच्या तक्रारी आहेत. गावात म्हणतात, तुझ्या मामाजींचा फोन आला होता. मला खरं-खोटं माहीत नाही, आणि एकट्या त्यांच्या फोनानं काही झालं असं मी म्हणत नाही. हात वर करायला सांगितले. बायांमधून निर्मलाबाईंनी एकटीनं नाही म्हटलं. मी खाली पाहत बसली. मी कोणत्याच बाजूनं हात वर केला नाही. घरी येताना मला हलकं वाटत होतं, समीक्षा. उद्यापासून कोणी शिव्या देणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

आता इथपर्यंत आली तर पुढचंही लिहिते. वर मी पाळटोला लिहिलं, पण हे पत्र गोंदियाहून लिहून राहिली आहे. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली आहे. आई आत झोपली आहे.

फेब्रुवारीत ती बकारामच्या बांधीत रोवणीला गेली. मी नको म्हणत होती. तिला साखरेचा त्रास, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "घरी बसून का करू? तुहं तोंड पाहत राहू?" तिसऱ्या दिवशी पायात काच गेली. तिनं कोणाला सांगितलं नाही. हळद भरली, लुगड्याची चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरली. मला समजलं तेव्हा पाय काळा पडला होता आणि ती तापानं बडबडत होती. आमगावला नेलं, त्यांनी गोंदियाला पाठवलं. उजव्या पायाची दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणतात, जखम वर सरकते की थांबते हे आणखी काही दिवसांनी समजेल.

काच कोणाची, हे कोणी सांगू शकत नाही. तुमच्या बाटल्यांची असेल, आधीच्या वर्षाची असेल, आपल्याच गावातल्या कोण्या बेवड्याची असेल. हे मी तुला टोमणा म्हणून लिहीत नाही. काउंटर बंद झाल्यावर पाळीवर काय चालायचं ते मला घरून दिसत होतं आणि मी दार लावून घेत होती.

तुला कळवू नको म्हणून आईनंच सांगितलं. म्हणाली, "तिच्या घरच्याइचं नाव निघन. पोरीचा संसार हाय, तिले काऊन घोर लावतं?" मी हो म्हटलं. पण काल झोपेत तिनं तुला हाक मारली. मला समीक्षा समजून माझा हात धरला आणि पोरगी जेवली का, असं विचारलं. मी म्हटलं, जेवली.

तुमच्या मुर्रीचा मंगरू भाजी घेऊन इथल्या बाजारात येतो. त्याच्या हातून हे पत्र मुर्रीला पाठवते. ये म्हणून मी तुला सांगत नाही, तो माझा अधिकार त्या रविवारी गेला. बायांचा वॉर्ड खालीच आहे. दारातून शिरल्यावर डाव्या हाताची, खिडकीजवळची खाट.

तुझी,
अल्का

◆

मु. पाळटोला
दि. २० एप्रिल २०१४

प्रिय समीक्षा,

सप्रेम जयभीम. या वेळी खरंच गावाहून लिहून राहिली.

आई काठी घेऊन अंगणात येते. जखम सुकली. पाय वाचला, पण डॉक्टरांनी चिखल, पाणी, उघडा पाय, सारंच बंद सांगितलं आहे. ती ऐकते आणि म्हणते, "मंग मी बसून बसून मरू का?" जयंतीला तिला खुर्चीवर बसवून विहारात नेलं. पांढरं लुगडं नेसली होती. साऱ्या बाया तिच्याभोवती जमल्या, तर तिनं साऱ्यांना तुझंच सांगितलं, पोरीनं रोज डबा आणला म्हणून.

ते खरंच आहे. पत्र मिळालं त्याच दुपारी तू आलीस. मी औषध आणायला गेली होती. परत आली तर तू आईच्या पायाशी बसून रडत होतीस आणि आई तुला रागावत होती. त्यानंतर रोज आलीस. एक दिवस मामाजीही आले. दारात नारळपाणी घेऊन उभे राहिले, आईला जयभीम केला, बराच वेळ खाटेखाली पाहत होते. आईच म्हणाली, "बसा ना भाऊ." ते बसले नाहीत.

काउंटर पुन्हा सुरू झालं, ते कोणाच्या चांगुलपणानं झालं असं समजू नको. निंदणाचे दिवस आले तेव्हा निर्मलाबाई बाया घेऊन बकारामच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, आधी काच वेचा, मग आम्ही उतरू. बकाराम ओरडला, दुसऱ्या गावाहून बाया आणतो म्हणाला. त्या बायाही आल्या, आईच्या पायाचं ऐकलं आणि त्याही धुऱ्यावर बसल्या. शेवटी बकाराम स्वतःच टोपलं घेऊन उतरला. पोतं भरलं तेव्हा ते खांद्यावर घेऊन तो ग्रामपंचायतीत गेला आणि सरपंचाच्या टेबलासमोर रिकामं केलं. आता त्याला काउंटर पाहिजे. आमच्यासाठी नाही, धानासाठी. पण पाहिजे.

मी पुन्हा बसायला नाही म्हटलं होतं. मग बसली. दुसरं कोणी तयार नव्हतं. शिव्या तशाच आहेत. पट्टी तशीच गळते. या रविवारी एका माणसानं माझा फोटो काढला आणि पेपरात देतो म्हणाला. मी त्याला बसायला स्टूल दिलं, मला त्याच्याशी भांडायचंही बळ नव्हतं. घरी आली की पाय धुते आणि आईजवळ नुसती बसते.

एक गोष्ट दवाखान्यात सांगायची राहिली. इतके दिवस आपण दोघी एका खाटेच्या दोन बाजूंनी बसलो आणि बोललो काय, तर गोळी दिली का, डॉक्टर आले का. तू डबा ठेवायचीस, मी डबा धुवायची. मला रोज वाटायचं, आज बोलीन.

नियम चुकीचा नव्हता, समीक्षा. पैसे मी आजही दिले नसते. पण तुला रांगेत पाठवायचं काही कारण नव्हतं. नाही म्हणून तुला जवळ बसवून घेता आलं असतं. सकाळपासून जे जे मला बोलले, त्या साऱ्यांचा राग मी तुझ्यावर काढला, कारण तू एकटीच अशी होतीस की उलटून बोलली नसतीस. हे मला तेव्हाच समजलं होतं, तू रांगेत उभी होतीस तेव्हाच.

तू दवाखान्यात आलीस, घरी मात्र अजून आली नाहीस. आई विचारते, मी सांगते की तिला काम असेल. पोरीला घेऊन चार दिवस ये. अश्विनजी सोडायला आले तर दारातून परत जाऊ देणार नाही, जेवू घालीन. आईसाठी ये असं मी लिहीत नाही, आई आता बरी आहे.

माझ्यासाठी ये.

तुझी
ताई