टीव्हीपुढची ठमी

२ मार्च, सोमवार

आज पकडले गेले! लेक टपाल कचेरीतून दुपारीच आली, डोकं दुखत होतं म्हणे, आणि दारातच थबकली. नातबाई ठमी चटईवर, टीव्हीपुढे, तोंडाचा आ वासलेला. मी तिच्या तोंडात केळ्याचे घास घालतेय. आवाज पार जिन्यापर्यंत येत होता म्हणाली. मला तेवढा लागतोच.

"आई, तेरा महिन्यांची आहे ती!" एवढंच बोलली आणि खटकन टीव्ही बंद केला. ठमीनं भोकाड पसरलं.

मी म्हटलं, अर्धाच तास लावते. खोटं! दोन तास तरी होतात. निदान इथे तरी खरं लिहावं.

५ मार्च, गुरुवार

ठमीला लस टोचून आणली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काय बोलते?" लेक माझ्याकडे बघायला लागली. बोलतेय कुठे? बाबा नाही, आई नाही. नावानं हाक मारली तरी ढिम्म.

"टीव्ही बघते का?"

"आई लावते," लेक म्हणाली. आई लावते! चारचौघांत! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई म्हणाल्या, दोन वर्षांपर्यंत टीव्ही नकोच. बंद करा, महिन्याभरानं आणा. मग विचारलं, ऐकू नीट येतं ना? आम्ही दोघींनी एकदमच 'हो' म्हटलं. दिवसभरात तेवढं एकच एकमत.

६ मार्च, शुक्रवार

लेक पाळणाघर बघतेय! जावयाशी फोनवर बोलत होती. तो कामाला दुसऱ्या गावी, महिन्यातून एकदा येतो, त्याला काय कळणार इथलं. "आईला झेपत नाही," असं म्हणत होती. मला सगळं ऐकू येत नाही, पण हे बरं ऐकू आलं.

ठमी गेली तर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी काय करू? भिंतींशी बोलू? रडले. मग लेकीला म्हटलं, एक महिना दे मला. टीव्हीला हात लावणार नाही. बोलायला लागली तर राहू दे माझ्यापाशी. ती म्हणाली, बघू. तिचं 'बघू' म्हणजे नाहीच असतं, पण या वेळी डोळे पुसून म्हणाली.

९ मार्च, सोमवार

टीव्हीवर चादर टाकली. ठमी चादर ओढते, माझ्याकडे बघते, पुन्हा ओढते.

दिवसभर माझी टकळी चालू. हा चमचा, ही वाटी, हा कावळा. अठ्ठावीस वर्षं डब्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर काढली, तिथे बोलायची सोयच नव्हती. पत्र्याच्या त्या दणदणाटात कोण कोणाचं ऐकणार! हाक मारायची तर पाय आपटायचा, जमिनीतून कळायचं. कान तिथेच गेले माझे, आणि ती खोड घरी आली. लेकही लहानपणापासून मला पाय आपटूनच बोलावते. वरचा मजला, लाकडी जमीन, मस्त दणका बसतो. नाहीतर दिवा लावायचा-विझवायचा. आता ठमीलाही आम्ही दोघी तसंच बोलावतो. पाय आपटला की गर्रकन वळते, गुलाम!

१३ मार्च, शुक्रवार

घसा बसला. ठमीच्या तोंडून एक अक्षर नाही.

१७ मार्च, मंगळवार

आज माझा हात गेलाच त्या बटणाकडे. कंबर धरली होती, ठमी किरकिरत होती, उचलवेना. म्हटलं, दहा मिनिटं. पण खालची शेजारीण चहाडी करेल, म्हणून आवाज अगदी शून्यावर नेला.

ठमी खुशीत! बदक पडलं की खिदळायची, ससा आला की टाळ्या. नेहमी जिथे हसते तिथेच, अगदी तशीच. पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, या पोरीला आवाज नसला तरी चालतो की!

मग टीव्ही बंद केला.

स्टीलचं ताट घेतलं. तिच्या मागे उभी राहिले, हातातच धरून चमच्यानं बडवलं. मला, मला ऐकू आलं! ठमी वळली नाही. पुन्हा बडवलं. नाही. मग हळूच पाय आपटला. लगेच वळली आणि हसली.

देवा, आम्ही हिला कधी नुसती हाक मारून वळवलंच नाही. नावानं वळली नाही की पाय आपटायचा. वळली की झालं.

१८ मार्च, बुधवार

काल सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे टीव्ही लावल्याचं कबूल करायचं, आणि मग ठमी गेलीच पाळणाघरात. रात्रभर तळमळले. आज लेक चप्पल काढतेय तोवर सांगून टाकलं.

"पुन्हा लावलास? शब्द दिला होतास ना!" आधी हेच. साहजिक आहे. मी ताट तिच्या हातात दिलं. तिनं बडवलं, ठमीच्या डाव्या बाजूनं, उजव्या बाजूनं, इतकं की काठ वाकला. ठमी चमच्याशी खेळत राहिली. मग लेक तिथेच खाली बसली आणि माझ्या मांडीत तोंड खुपसून रडली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

२६ मार्च, गुरुवार

कानांची तपासणी झाली. झोपलेल्या ठमीच्या डोक्याला तारा लावल्या होत्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. जन्मापासूनच. यंत्र बसवून बघू, उशीर करू नका, म्हणाले. माझं कारखान्यानं नेलं, हिचं आधीच कुणी नेलं?

लेकीनं विचारलं, "आणि टीव्हीमुळे...?" तपासणाऱ्या बाईंनी मान हलवली. टीव्हीचा काही संबंध नाही.

येताना रिक्षात लेकीनं माझा हात धरला. कानाशी तोंड आणून मोठ्यानं म्हणाली, "आई, तुझा दोष नव्हता गं. पाळणाघर नको. तूच सांभाळ."

२७ मार्च, शुक्रवार

हेच ऐकायला महिनाभर जीव टाकत होते. आता वाटतं, माझाच दोष असता तर! टीव्ही बंद तरी करता आला असता.