पद्मिनीचा हिरवा रंग

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज वालीवच्या गॅरेजमध्ये मी चक्क भांडले. मी! पण रंग ठरला.

बाबांची पद्मिनी गाडी मुळात क्रीम. पुढे गंज धरला तेव्हा आमची मासेमारीची होडी रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट त्यांनी ब्रशने तिला फासला. दारावर ब्रशचा एक केस चिकटला, तो बाबा गेल्यावरही तिथेच होता.

रंगारी म्हणाला, "ताई, जुन्या गाडीला ओरिजिनल रंगच शोभतो. हा होडीचा रंग खरवडून क्रीम मारतो."

सोबत आलेले काका हसले. "खरंय त्याचं. नायतर लोक म्हनतील, पाचूबंदरची होडी रस्त्यावर आली."

"म्हणू देत. होडीच्या मासळीवरच घेतलीय बाबांनी ही गाडी."

हे मी बोलले? बोलले. हिरवा जुळवायला नमुना म्हणून दारावरच्या रंगाचा टवका काढून रंगाऱ्याला दिला, त्या केसासकट. टवका परत हवाय, हे दोनदा सांगितलं.

घरी येऊन आरसी बुक उघडलं. रंग: क्रीम. बाबांनी नोंद बदललीच नव्हती? होडीवरचा नंबर जरा पुसट झाला की मला तो गिरवायला लावणारे बाबा! अक्षरं-आकडे मी शाळेआधी तिथेच शिकले.

काका म्हणतील, बघ, कागदही क्रीमच म्हणतो. मग कागद बदलेन. नोंद बदलायचा आरटीओचा अर्ज समोरच आहे. रंगाच्या रकान्यात 'हिरवा' लिहिलं. पुसट वाटलं, म्हणून पुन्हा गिरवलं.