शिंप्याने आठवडाभर खरं बोलायचं ठरवलं

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम. तू, मुलं आणि तुझी ती सारखी शिंकणारी मांजर, सगळे खुशाल असाल अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य मागच्या आठवड्यात खोटं ठरलं असतं आणि खोटं लिहायची मला बंदी होती, म्हणून पत्राला उशीर.)

झालं असं, की मंगळवारच्या बायबल अभ्यासात पाळकसाहेबांनी टूम काढली. प्रत्येकाने एकेक वचन घ्यायचं आणि नुसतं पाठ न करता आठवडाभर जगून दाखवायचं. बेकरीवाल्याने उद्याची चिंता न करण्याचं घेतलं (बुधवारी त्याची भट्टी बंद पडली). पोस्टातल्या बाईंनी वैऱ्यावर प्रेम करण्याचं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या खिडकीतल्या कारकुनाकडे बघून अशा काही हसल्या, की तो घाबरून रजेवरच गेला. मी आपलं सगळ्यात छोटं वचन उचललं. आपलं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. म्हटलं, एवढ्याशा वचनात काम ते कितीसं असणार! ताई, पायावर धोंडा पाडून घेताना माणूस धोंड्याचा आकार बघतो, वजन बघत नाही.

आमच्या धंद्याचं तुला ठाऊक आहे. शिंप्याचं दुकान तीन वाक्यांवर चालतं. "उद्या न्या", "फक्त बटणं राहिलीत" आणि "कापडच तसं होतं". बुधवारी वकीलसाहेब कोट न्यायला आले. माझ्या तोंडातून "फक्त बट..." इतकं निसटलं, बाकीचं गिळलं आणि म्हणालो, "नाही झाला. अजून कापलासुद्धा नाही. कापड कुठं ठेवलंय तेही शोधावं लागेल." वकीलसाहेब स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "इतक्या वर्षांच्या वकिलीत एवढ्या लवकर कबुली देणारा पहिलाच भेटला." चक्क हसत गेले. मला वाटलं, जमलं की!

गुरुवारी मुख्याध्यापिकाबाई आल्या. कमरेचं माप ऐकून म्हणाल्या, "तुमची टेप आटली वाटतं." मी म्हणालो, "टेप गेल्या वर्षीचीच आहे, बाई. बदल तुमच्याकडे झालाय." त्या आपलं कापड तर घेऊन गेल्याच, वर शाळेच्या गायकवृंदाच्या बावीस झग्यांचं कामही घेऊन गेल्या. संध्याकाळी जेवताना तुझ्या भावजयीने विचारलं, सूप कसं झालंय. मी वचन पाळलं. ती म्हणाली, "खरं बोला असं सांगितलंय, टोचून बोला असं नाही," आणि त्यानंतर घरात फक्त भांडी बोलत होती.

इथवरचं हसण्यावारी नेशील. शुक्रवारचं नेऊ नकोस.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक नर्स आहे. नऊ वर्षांची असताना तिची आई वारली. आईच्या लग्नाचा पांढरा झगा तिने जपून ठेवला होता आणि पुढच्या शनिवारी स्वतःच्या लग्नात तोच घालणार होती. मला फक्त कमरेत सैल करायचा होता. ते केलं, शेवटची इस्त्री फिरवत होतो, फोन वाजला, मी मान वळवली. वास आला तेव्हा उशीर झाला होता. पाठीवर, अगदी मधोमध, इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग.

तिसरं वाक्य ओठावर तयारच होतं. कापड जुनं, कोणाला संशय आला असता? मी दार लोटून प्रार्थना केली. (डाग जाऊ दे, अशीच केली. दोनदा डोळे उघडून बघितलं. गेला नव्हता.) चार वाजता ती ड्यूटीवरून थेट आली. मी झगा तिच्यापुढे ठेवला. "कापडाचा दोष नाही. मी जाळलं. माझं लक्ष नव्हतं."

तिने डागावर बोट ठेवलं. म्हणाली, "आईचं एवढंच होतं माझ्याकडे," आणि रडायला लागली. ताई, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पाणी दिलं. शेवटी तिनेच डोळे पुसले. "कापडच तसं होतं म्हणाला असतात, तर मी विश्वास ठेवला असता. आयुष्यभर आईच्या कपड्याला नाव ठेवलं असतं. आता हे नीट होईल का, ते खरं सांगा."

"मला एकट्याला जमणार नाही," मी म्हणालो.

घरी जाऊन तुझ्या भावजयीला सगळं सांगितलं. तिने अबोला सोडला नाही, पण चष्मा शोधला. झग्याच्या आतल्या दुमडीतलं कापड काढून मी ठिगळ लावलं आणि त्यावर तिने पांढऱ्या दोऱ्याने बारीक पानं भरली. पाच दिवस लागले. तिसऱ्या दिवशी "दोरा द्या" म्हणाली, तेव्हा मला गहिवरून आलं.

लग्नात डाग कोणालाच दिसला नसता. पण त्या मुलीने स्वतःच सगळ्यांना सांगितलं! उपासना संपल्यावर नवरीला समोरून भेटायला कोणी नाही, सगळ्या बाया पाठीमागे रांगेत. पाळकबाईंनी तर बोटाने पानं मोजली. जाताना ती मुलगी तुझ्या भावजयीच्या गळ्यात पडली. मी जरा लांब उभा होतो, तर मला ओढून म्हणाली, "तुम्हीही या."

पत्र फार लांबलं. मुलांना खूप आशीर्वाद, दाजींना सलाम.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्याध्यापिकाबाई झग्यांचं काम घेऊन परत आल्या. दुसऱ्या शिंप्याचीही टेप आटलेली निघाली म्हणे.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र याचसाठी लिहितोय. चार महिन्यांपूर्वी कामं तुंबली होती तेव्हा सबब म्हणून, ताई अत्यवस्थ आहे, असं मी मंडळीत सांगितलं होतं. तेव्हापासून दर बुधवारी तुझ्यासाठी प्रार्थना चालू आहे. मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ तर उपास करतात. खऱ्याच्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, ताई कशी आहे? मी खरं तेच सांगितलं, की ठणठणीत आहे. तर सगळ्यांनी टाळ्या वाजवून देवाचे आभार मानले, आणि येत्या रविवारी तू बरी झाल्याबद्दल खास उपकारस्तुती ठेवली आहे. साक्ष मी द्यायची आहे. मी उभा राहून सगळं कबूल करणार आहे, पण मला एकट्याला जमणार नाही. शनिवारी ये. बोलू नकोस, रागावलीस तरी चालेल, फक्त शेजारी बस.

ता. क. तिसरा. दाजींनाही आण. मात्र चर्चमध्ये शिरताना त्यांना बघून दोन-चार जण दचकतील, तेवढं त्यांना आधी सांगून ठेव. ते वारल्याचं मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं.