सातव्या घाण्याच्या बाटल्या

मृत्युपत्राला हात घालण्यापूर्वी एक तक्रार नोंदवणे मला भाग आहे. बाटल्यांची झाकणे पुरवणाऱ्या इसमाने तीन वर्षांत एकदाही धड बसेल असे झाकण दिलेले नाही. ते फिरते, फिरतच राहते, आणि बंद म्हणून होत नाही. माझे वकीलमित्र म्हणतात, "अरे, मृत्युपत्रात तक्रारीला कलम नसतं." नसेल. म्हणून कलमांच्या आधी लिहिली.

आता विधिवत. मी, खाली सही करणार, वय सत्तावन्न, पूर्वी शाळेत संस्कृत शिकवणारा व सध्या वनस्पतींपासून चूळ भरण्याचे औषध बनवणारा, हे सारे कोणाच्याही दडपणाशिवाय व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल पत्नीचे मत निराळे असून मी नोकरी सोडली त्या दिवसापासून ते बदललेले नाही.

घाईचे कारण असे, की माझ्या डाव्या गालाच्या आत अकरा आठवड्यांपासून एक पांढरा चट्टा आहे. माझी भाची दातांची डॉक्टर. तिने त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. निकाल शुक्रवारी येईल, आज बुधवार.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीस. मागच्या खोलीच्या फरशीवरचे बाभळीच्या सालीचे डाग निघत नाहीत, याबद्दल तिची लेखी क्षमा मागतो. तोंडी मागून झाली आहे. उपयोग झाला नाही.

कलम २. दगडी खल, काचेची मापे, गाळण्या आणि कृतीचा कागद भाचीस. कृती साधी आहे: पेरूची पाने, बाभळीची साल, ज्येष्ठमध, लवंग. अर्क काढायचा आणि तो दहापट पाण्यात पातळ करायचा. हे शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचावे.

कलम ३. मेहुण्यास तीन हजार छापील लेबले. औषधाला मी 'मुखधावन' हे नाव दिले होते. "भावोजी, हे नाव वाचूनच गिऱ्हाईक तोंड मिटून घेईल," असे म्हणून त्याने परस्पर दुसरे नाव छापले आणि वर एक हसणारी बाई बसवली. बाई त्याने ठेवून घ्यावी. कृती मात्र त्याला मिळणार नाही. "चाचणी कसली करताय? लोक वापरतील तीच चाचणी," हे त्याचे उद्गार मी विसरलेलो नाही. तेव्हा मी त्याला मोठे व्याख्यान दिले होते. ते आज मलाच आठवते आहे.

कलम ४. चाचणीची वही भाचीस. चाळीस ओळखीची माणसे, सहा आठवडे, सकाळ-संध्याकाळ चूळ. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसते रंगीत पाणी. कोणाला काय, हे फक्त वकिलांना ठाऊक. आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी 'दात घट्ट झाले' असे लेखी कळवले. त्यांच्या वाट्याला रंगीत पाणी आले होते, आणि दात म्हणाल तर कवळी. पण औषधवाल्यांच्या हिरड्यांतून येणारे रक्त खरोखर कमी झाले. भाचीने स्वतः मोजले. या वहीचा मला अभिमान आहे. शेवटचे पान सोडून.

कलम ५. ते पान असे. चाचणी संपल्यावर ज्यांना आणखी हवे होते त्यांच्यासाठी मी सातवा घाणा काढला. अर्क तयार झाला आणि तेवढ्यात झाकणवाला आला. अर्धा तास आम्ही भांडलो. परत येऊन मी बाटल्या भरल्या. वहीत 'पातळ केले' हा रकाना कोरा आहे. मी एक घोट तोंडात धरला, नेहमीसारखाच लागला, सही केली. अकरा बाटल्या अकरा घरी गेल्या, पाच आमच्याकडे उरल्या. चट्टा त्यानंतरचा.

गेल्या शनिवारी भाचीने माझ्या जिभेवर एक थेंब टाकला.

"मामा, काय लागलं?"

"ज्येष्ठमध. मागून लवंग."

"मामा, साधं पाणी होतं ते."

तीन वर्षे लवंगेचा अर्क चाखून जीभ केव्हाच बधिर झाली होती. त्याच जिभेवर विसंबून मी सातवा घाणा पास केला, हे तिला अजून सांगितलेले नाही. "हा चट्टा कशाने झाला असेल?" एवढेच विचारले. ती म्हणाली, "जहाल काही लागूनही होतो, किंवा दुसरंही असेल. निकाल येईपर्यंत मी काही बोलणार नाही."

तरी भाचीने त्या अकरा घरी जावे, प्रत्येकाचे तोंड उघडून पाहावे आणि बाटल्या परत आणाव्यात.

एवढे लिहून मी थांबलो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. म्हणजे हे कलम येथे लिहून काही उपयोग नाही.

मला माझ्या गालाची काळजी आहे, पण खरी ती नव्हे. उरलेल्या पाच बाटल्या वाया जाऊ नयेत म्हणून पत्नी रोज वापरते. आता चौथी चालू आहे. त्या बाटल्यांत काय असू शकते हे शनिवारपासून मला माहीत आहे आणि मी गप्प आहे, कारण तिने एकदाच विचारले होते, "नीट तपासलंय ना?" आणि मी हो म्हणालो होतो.

स्थळ: मागची खोली. वार: बुधवार, सकाळ.
सही: केलेली नाही.
साक्षीदार १: वकीलमित्र. साक्षीदार २: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. दोघांना संध्याकाळी बोलावले आहे.

त्याआधी तिला हाक मारायची आहे. आत बेसिनचा नळ सुरू झाला आहे.