कोळंब्यांची हजेरी

दि. १४, मंगळवार

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. हिचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, माझं डोकं रोजच. चिरंजीव सकाळी ऑफिसला जातात आणि संध्याकाळी येऊन तोंड पाडून बसतात. ड्यूटी लांब पडते म्हणून तू नर्सेसच्या हॉस्टेलवर राहतेस, असं मी शेजारीपाजारी सांगून ठेवलंय. आपलं घर तिथून जेमतेम दोन स्टॉप लांब आहे, हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

पत्राचं कारण तुझी माशांची टाकी. तिनं मला वीट आणलाय. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, गाठी असलेलं लाकूडसुद्धा वठणीवर आणलं, आणि आता या वयात बोटाच्या पेराएवढ्या कोळंब्या मला नाचवतायत.

जाताना तू काचेवर कागद चिकटवून गेलीस. गप्पी सहा, गुरामी एक, कोळंब्या आठ. खाणं चिमूटभर, पाणी आठवड्याला पाव टाकी बदला, शेवाळाला हात लावू नका. मी म्हटलं, यात काय अवघड आहे? आजवर कोळंबी पाहिली ती ताटात. तिची राखण करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

रोज सकाळी चष्मा लावून हजेरी घ्यायला बसतो. मासे शहाणे, समोर येतात. कोळंब्या कधी पाच दिसतात, कधी दोन, कधी एकही नाही. चौथ्या दिवशी तळाशी एक पांढरीफटक पडलेली दिसली. चमच्यानं काढून कुंडीत पुरली. दिवसभर घास गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी मोजल्या तर पुन्हा आठ. हिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

माशांच्या दुकानातला माणूस पोट धरून हसला. म्हणे, मी कोळंबी नाही, तिनं टाकलेलं कवच पुरलं. वाढताना त्या जुनं कवच टाकतात. मला हे कोण सांगणार?

आता तुझे रविवारचे फोन. हिच्याशी तू गुडघ्यापासून भाजीपर्यंत सगळं बोलतेस. माझ्याशी एकच वाक्य, "बाबा, कोळंब्या आठ आहेत ना?" तेवढा एक आकडा तरी तुला छातीठोकपणे सांगावा, असं मला फार वाटायचं. म्हणून मी शेवाळ काढलं. तळाशी ठेवलेला मडक्याचा तुकडाही काढला. टाकी आरशासारखी लख्ख झाली आणि आठही कोळंब्या समोर. त्या रविवारी मी तुला आठच्या आठ म्हणालो, ते खरं होतं.

बुधवारी पाच उरल्या. शनिवारी तीन. परवाच्या रविवारीही मी आठच म्हणालो. ते खोटं होतं.

पुन्हा दुकानात गेलो. या खेपेला तो हसला नाही.

"काका, कवच टाकलं की एक-दोन दिवस त्यांचं अंग मऊ असतं. तेवढ्यापुरती लपायला जागा लागते. गुरामी वाईट मासा नाही, पण उघड्यावर मऊ दिसलं की तोंड घालणारच. शेवाळ कोणी काढलं?"

मी म्हटलं, घरातल्याच कोणीतरी.

येताना वाटभर चिडचिड चालली होती. गुरामीवर, त्या दुकानदारावर, तुझ्यावरसुद्धा. हात लावू नका लिहिलंस, तर का लावू नये तेही लिहायचं होतंस. घरी आलो, तुझ्या खोलीत टाकीसमोर बसलो, आणि दाराला पडलेली स्क्रूची चार भोकं दिसली.

तू वॉर्डातून आलीस की तासभर दार लावून तिथं बसायचीस. त्या दिवशी घरात पाहुणे होते, तू बाहेर आली नाहीस, आणि माझं नाक कापलं गेलं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी तू ड्यूटीवर असताना मी कडी काढून टाकली. वर म्हणालो, आपल्या घरात दिवसाढवळ्या कोणी दारं लावत नाही. तू त्या भोकांकडे पाहिलंस. आठवड्यानं बॅग भरलीस. चिरंजीव मला म्हणाले होते, "बाबा, तिच्या डोळ्यांसमोर माणसं जातात. घरी आल्यावर थोडा वेळ लागतो तिला." मी त्यांनाच झापलं.

जन्मभर लोकांच्या दारांना कड्या बसवल्या आणि घरातल्या सुनेची तेवढी काढली. मी चुकलो, सूनबाई. तू कारण सांगितलं नाहीस हे खरं, पण मी विचारलं कुठं?

काल ती भोकं भुसा आणि सरस घालून बुजवली. इंचभर वर नवी कडी बसवली, आतल्या बाजूनं. बसते का पाहायला दार लावून आत तासभर बसलो. हिनं चहाला दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही. घराचं काही बिघडलं नाही.

तू परत यावंस असं मला मनापासून वाटतं. यायचं की नाही ते तू ठरव, मी हट्ट धरणार नाही. आलीस तर दार लावून घे.

तुझ्या दाराची कडी काढणारा,
बाबा

ता.क. नवं शेवाळ आणून सोडलंय, मडक्याचा तुकडाही जागेवर ठेवलाय. कोळंब्या तीन असाव्यात. आज एकच दिसली. बाकीच्या मी शोधल्या नाहीत.