एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

नौपाडा, ठाणे

प्रिय महिपतभाऊजी यांस,

वासंतीवहिनीचा आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? तिकडे मोहन्याला पाणी वेळेवर येतं ना? फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवरचं सगळं तुमच्या दादांना ऐकू जातं (मेंदूच्या झटक्याने जीभ तेवढी अडकली, कान उलट तिखट झाले), आणि हे त्यांच्या पाठीमागे सांगायचंय.

दवाखान्यातून घरी आणल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. बोलायला शिकवायला दर्शना म्हणून एक गोड मुलगी येते. चित्रांची कार्डं दाखवते, "काका, हे काय ए? गाय ना?" जन्मभर दहावीला गणित शिकवलेला माणूस त्या गायीकडे बघायचा आणि भिंतीकडे तोंड फिरवायचा. मागच्या आठवड्यात मला राहवलं नाही. लग्नानंतर तलावपाळीवर फिरायला नेऊन (इतर नवरे गजरे घेत होते) यांनी मला एक संख्या ऐकवली होती, १,४२,८५७. तिला दोनपासून सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमाने गोल फिरून येतात, म्हणून ती चक्रीय. मला गणितातलं एवढंच येतं. तेच मी त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने म्हणाले, "याची दुप्पट दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे पंधरा." (खरोखरच चुकले हो.) पांघरूण हललं. तोंड वेडंवाकडं झालं, कपाळावर घाम. मी घाबरून दर्शनाला हाक मारणार, तोच आवाज आला, "दुप्पट... विषम... कशी येईल?"

मी रडत होते आणि ते माझ्याकडे नापास पोरीकडे बघावं तसे बघत होते. "चौदा," म्हणाले. "सातशे चौदा."

तेव्हापासून मी रोज चुकते. काल त्यांना आणि दर्शनाला चहा देताना म्हटलं, ही मूळ संख्या दिसतेय. लगेच, "अंकांची... बेरीज कर!" केली, सत्तावीस आली. "मग तीनने भाग जातो." सत्तावीसनेही जातो म्हणे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला एक नाव आहे, ते काही त्यांना आठवेना. ओठ नुसते हलत राहिले. मला ठाऊक असतं तर मी केव्हाच सांगून टाकलं असतं. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हर्षद." आणि मग हळूच, "आनंद... देणारी." हे बोलताना बघत मात्र माझ्याकडे होते. (दर्शनाने घाईघाईने कार्डं पिशवीत भरायला घेतली. शहाणी आहे पोर.)

गाय अजून म्हणत नाहीत.

तुमची,
वासंतीवहिनी

ता. क. आता खरं काम. माझ्या चुका संपत आल्यात. रोज चुकायचं तर आधी बरोबर उत्तर काढावं लागतं, त्यामुळे मला गणित यायला लागलंय. आज मुद्दाम चुकले ते त्यांनी ओळखलं आणि दुपारपर्यंत अबोला धरला. तर तुम्ही थोडे दिवस राहायला या. तुम्हाला मुद्दाम चुकावं लागणार नाही. (राग मानू नका.)

ता. क. २ पाकीट शोधायला उठले, तेवढ्यात यांनी पत्र वाचलं. मला वाटलं, आता चिडतील. म्हणाले, "त्याला लिही, लवकर ये, आणि काही पाठ करून येऊ नकोस." मध्ये कुठेही न अडखळता म्हणाले, भाऊजी.