शरयूताईचे उपास आणि अर्धा गुडघा

औंध,
१२ जानेवारी २०२५

चि. मधुस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की सूनबाई संयोगिताला सगळं ऐकू जातं, म्हणून हे पत्र. साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, माझा गुडघा आतल्या बाजूनेच झिजलाय, तेवढाच अर्धा सांधा बदलला तरी भागेल. पण शेजारच्या अंबूबाई म्हणतात, नव्वद किलोच्या बाईला अर्धा सांधा पेलणार कसा, वर्षात खिळखिळा होईल. मला इतकी लाज वाटली, की डॉक्टरांना आधी बारीक होते, मग येते एवढं सांगून टाकलं. आता सोमवार, मंगळवार, शुक्रवार असे उपास धरलेत. महिन्यात दोन किलो वाढले! देवी कोपली की काय कोण जाणे. उठताबसता डोळ्यांत पाणी येतं, पण घरात बोलत नाही.

माया आहेच, ती कमी करू नकोस.

तुझी,
शरयूताई

विश्रामबाग, सांगली,
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

देवीला कशाला मध्ये ओढतेस? उपासाला तू काय खातेस ते मला ठाऊक आहे. दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, तुपातली बटाट्याची भाजी, वर रताळ्याचे गोड काप. आठवड्याला असे तीन उपास केले तर एखादा पैलवानही वाढेल!

इथल्या हाडांच्या डॉक्टरांना मुद्दाम भेटून आले. वजन जास्त असेल तर जखम चिघळायची, पुन्हा ऑपरेशन लागायची भीती थोडी जास्त असते, हे ते मान्य करतात. पण अर्ध्या सांध्यानंतर जाड माणसांचं दुखणंही जवळजवळ बारीक माणसांइतकंच कमी होतं, नुसत्या वजनापायी ते कुणाला परत पाठवत नाहीत. साखर तेवढी ताब्यात हवी.

ताई, चार वर्षं तू लंगडतेस आणि दुखतंय म्हणालीस की आम्ही वजन कमी कर म्हणून तुला गप्प बसवलं. मीसुद्धा. माझं चुकलं गं. तारीख घे, मी राहायला येते.

राग सोडून लोभ तेवढा ठेव.

तुझी,
मधु

औंध,
४ मे २०२५

चि. मधुस अनेक आशीर्वाद.

तू सांगलीला परतलीस आणि घर ओकंबोकं झालं. ऑपरेशनला दहा आठवडे झाले. तुझ्या धाकानं व्यायाम एकही दिवस चुकवलेला नाही.

काल एकटी चालत बाजारात गेले. भाजीवाल्या शालूबाई बघतच राहिल्या. आवं, लय हलक्या दिसताय, किती किलो उतरलं म्हणून विचारू लागल्या. मी सांगितलं, ब्याण्णव होतं, ब्याण्णवच आहे, फक्त दुखायचं थांबलंय. मग हळूच म्हणाल्या, त्यांचाही गुडघा दोन वर्षं ठणकतोय, पण डॉक्टर जाडीवरून बोलतील म्हणून त्या गेल्याच नाहीत.

सोमवारी मी त्यांना घेऊन साताऱ्याला चाललेय. त्या बोलायला लाजल्या तर मी बोलेन.

घरात सर्वांना आशीर्वाद, तुला जरा जास्त.

तुझी,
शरयूताई